मुठीतला मे महिना

दुर्ग स्टेशनवर गाडी सुटायच्या आधी जो तो काहीतरी सांगत असतो आणि ऐकत कोणीच नसतं. बाबा सांगत होते, सुरईतलं पाणी नागपूरपर्यंत पुरव, पुढं भरून घेजो. आई सांगत होती, पुऱ्या आधी संपव, दशम्या टिकतात. आणि कुंदा, माझी धाकटी बहीण, खिडकीचा गज धरून एकच पालुपद लावून बसली होती. "माह्या मुठीत एकतीस मे येतच नाई. मंग तू आज जातेस कशी?"

तारीख एकतीस मे होती. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि भिलाईच्या सेक्टर सहामधल्या आमच्या क्वार्टरमधून पहिल्यांदाच एक मुलगी बंगलोरला संशोधन करायला निघाली होती. फलाटावरचं लोखंड इतकं तापलं होतं की बाकावर टेकवत नव्हतं.

तुम्ही सगळ्यांनीच लहानपणी मूठ वळून महिने मोजले असतील. उंचवटा आला की एकतीस, खाच आली की तीस, फेब्रुवारी बिचारा सावत्र. तर कुंदाच्या मुठीत अनामिकेच्या जागी उंचवटाच नव्हता. तिथं खड्डा होता. जानेवारी उंच, मार्च उंच आणि मे आला की मोजणारं बोट सरळ खड्ड्यात. चौथीच्या परीक्षेत तिनं मे महिन्याचे दिवस तीस लिहिले. बाईंनी उभं करून विचारलं, तर पठ्ठीनं मूठ पुढं केली आणि म्हणाली, "मॅडम, मई में तो गड्ढा है." शाळा हिंदी, घर मराठी आणि मूठ तिसरीच! तेव्हापासून घरात 'कुंदीचा मे' ही आमची म्हणच झाली. कोणी काही कमी आणलं, कमी वाढलं, की कुंदीचा मे.

हे बोट आईच्या माहेरचं. आईचं तसंच, भंडाऱ्याकडच्या आमच्या आजोबांचंही तसंच. दोघंही धडधाकट. आजोबा तर म्हातारपणीही धानाचं पोतं पाठीवर घ्यायचे. त्यामुळं तो खड्डा आमच्याकडे कौतुकाचाच विषय होता.

गाडी हलली आणि कुंदाचा बांध फुटला. ती हमसून हमसून रडायला लागली, श्वासावर श्वास चढला, आणि बघता बघता गजावरचा तिचा हात ताठला. अंगठा आत ओढला गेला, बोटं काठ्यांसारखी एकमेकांना चिकटली, मनगट वाकलं आणि गज त्यात अडकून बसला. गाडी अजून चालीच्याच वेगात होती. बाबा बरोबर चालत एकेक बोट सोडवत होते. "सोड ना वं, सोड!" आई ओरडत होती. कुंदा मात्र माझ्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत एक विचित्र भीती होती. शेवटी हात सुटला. डब्यातल्या एक बाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "कितना प्यार है, छोड़ ही नहीं रही थी." मीही रडत होते, पण ते वाक्य मी मिठाईसारखं जपून बंगलोरपर्यंत नेलं.

भिलाई सोडून आलेल्यांना क्वार्टर काय असतं ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. आमचे बाबा पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमध्ये कामगार, घरही कारखान्यानंच दिलेलं, आणि नाईट शिफ्टच्या आठवड्यात आमच्या घराचा दिवसच उलटा व्हायचा. सकाळी ते येत, अंघोळ करून जेवत आणि झोपत. मग आई जुन्या लुगड्याची पट्टी दाराच्या कडीला गुंडाळायची. पोस्टमन येवो, भाजीवाली येवो, कडी वाजली तरी आवाज उठत नसे. आमच्या साऱ्या लाइनीत अशा कापड बांधलेल्या कड्या दिसायच्या, आणि कोणाच्या घरी नाईट चालू आहे ते न विचारता कळायचं. पोरं गल्लीतून सायकली हातानं ओढत न्यायची. झोपलेल्या माणसाची एवढी इज्जत मी पुढं कुठंच पाहिली नाही.

या अशा शांत दुपारींतच कुंदाचं सुरू झालं. आधी नुसत्या ओठांभोवती मुंग्या यायच्या. मग हात आवळायला लागले. नवव्या वर्षी पहिली फिट आली. शेजारच्या काकूंनी चप्पल हुंगवली, कोणी कांदा आणला. दुर्गच्या डॉक्टरांनी फिटचं औषध दिलं. त्यांचं तरी काय चुकलं, फिट दिसली, फिटचं दिलं. पण फिट काही ऐकेना. मी बंगलोरला जायच्या वर्षी ती मार्केटच्या रस्त्यावर सायकलवरून पडली आणि तिची सायकल बंद झाली. वर्गातल्या मुली शेजारी बसेनाशा झाल्या. तिला शाळेतून काढून गावी मामाकडे ठेवायचं, असं घरात बोललं जायला लागलं. मोठी माणसं हळू आवाजात म्हणत, "हिचं कसं होईन?" आणि आतल्या खोलीत कुंदा ते ऐकत असायची. तेराच वर्षांची होती हो ती.

बंगलोरनं मला पहिल्यांदा थंडी दाखवली. तीही बाहेर नव्हे, लॅबच्या कोल्ड रूममध्ये. भिलाईची पोरगी, मे महिन्यात बेचाळीसच्या वर पारा पाहिलेली, ती दोन स्वेटर घालून पिपेट धरून उभी! मेसच्या अक्का रोज विचारायच्या, "ऊटा आयता?" म्हणजे जेवलीस का. दोन महिने मला त्यांच्या कन्नडमधलं तेवढंच कळत होतं, पण तेवढ्यावर माझं भागत होतं. मराठी बोलायला कोणी नव्हतं. कधी कधी कोल्ड रूममध्ये एकटी असले की मी आईच्या आवाजात स्वतःलाच म्हणायची, "दार वाजून राहिलं, उठा ना वं कोणी!"

हे वाक्य सुचायला कारण होतं. आमचं कामच दाराचं होतं. शरीरातली प्रत्येक पेशी म्हणजे चारी बाजूंनी बंद क्वार्टर. बाहेर रक्तातून निरोप येतात, हार्मोन म्हणा, पण ते आत जात नाहीत. दारावरच्या कडीला हात लावतात. ती कडी म्हणजे रिसेप्टर. आणि कडी वाजली की आतून उठून घरभर सांगत सुटणारं जे माणूस, ते जी प्रोटीन. निरोप्या दारातूनच परत जातो, पण आत चूल पेटते, दिवा लागतो, कामं सुरू होतात. काम झालं की ते माणूस आपलं आपण पुन्हा खाली बसतं.

सरांनी हे फळ्यावर काढून दाखवलं त्या दिवशी मी जेवलेच नाही. खरंच सांगते, डोकं भणाणून गेलं होतं. डोळ्यावर उजेड पडतो तेव्हा हेच. भाजी करपल्याचा वास येतो तेव्हा हेच. दचकल्यावर छाती धडधडते तेव्हाही हेच, नि दमेकऱ्याच्या पंपातलं औषध असल्याच एका कडीला हात लावतं. कड्या वेगवेगळ्या, आतून उठणारी माणसं एकाच कुळातली. मी माझ्या हाताकडे बघत बसायची. बाप्पा, एवढी दारं! एवढी उठबस! आणि आपल्याला पत्ताही नाही, आपण आपले भात कालवतोय.

आमच्या फ्रिजमध्ये एका बोटभर कुपीत पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं, विष असायचं. कबुतराच्या रक्तातल्या पेशींवर ते घालून आम्ही ते प्रोटीन ओळखायचो, कारण पटकी नेमकी त्यालाच धरते. एकदा उठलेल्याला ती खाली बसू देत नाही. आतड्याच्या पेशी मग पाणी सोडतच राहतात, माणूस रिकामा होईपर्यंत. माझ्या आईचा मोठा भाऊ लहानपणी पटकीनं गेला होता. आई सांगायची, "नळ उघडा राह्यल्यावानी झालं होतं पोराचं." ती कुपी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मी ती उजेडाशी धरून पाहिली. न पाहिलेल्या मामाचा मारेकरी माझ्या चिमटीत होता, नि मी त्याच्याकडून काम करून घेत होते.

दुसऱ्या वर्षी एक पाहुणे डॉक्टर सेमिनारला आले. विषय होता, हे प्रोटीन बिघडलं तर कोणते आजार होतात. दिवे मालवले, स्लाइड सुरू झाल्या. आलेख, तक्ते, पुन्हा आलेख. मी डुलकीच्या काठावर होते. आणि पडद्यावर एक मूठ आली.

बोटं वळलेली, तीन उंचवटे, आणि अनामिकेच्या जागी खड्डा.

मी उभी राहिले. केव्हा उभी राहिले ते मला आठवत नाही. शेजारणीनं ओढणी ओढली तरी बसले नाही. इंग्रजीत बोलायचं होतं, पण तोंडातून निघालं ते मराठीच, "ही तर आमच्या कुंदीची मूठ आहे!" कोणाला काही कळलं नाही, पण डॉक्टर थांबले. सेमिनार संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. हात आवळतो का? ओठांना मुंग्या येतात? फिट? बुटकी आहे, चेहरा गोल? मी प्रत्येकाला होकारार्थी मान हलवत गेले. खूप रडल्यावर, धाप लागल्यावर हात जास्त ताठतो का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मला दुर्गचा फलाट दिसला. तो खिडकीचा गज दिसला. ती मला सोडत नव्हती असं मी समजून बसले होते. तिला सोडता येत नव्हतं.

डॉक्टरांनी भिलाईच्या हॉस्पिटलसाठी चिठ्ठी दिली. पहिल्या गाडीनं मी निघाले. नागपूरला गाडी बदलली, चहासुद्धा घेतला नाही, आणि दुर्गला उतरले ती सरळ घरी. आई दारात उभी राहून म्हणाली, "कावून आली वं अशी? काई झालं का?" मी कुंदाला शोधून म्हटलं, मूठ वळ. तिनं वळली. मी ती मूठ दोन्ही हातांत धरली आणि मला रडूच कोसळलं. कुंदा वैतागून म्हणाली, "मे आजबी तीसचाच हाय, बाई. रडून एकतीसचा होईन का?"

भिलाईच्या हॉस्पिटलमधले डॉक्टर तरुण होते. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग कुंदाच्या कानापुढं गालावर बोटानं टिचकी मारली, आणि तिचा ओठ त्या बाजूला आपोआप उडाला. पुन्हा टिचकी, पुन्हा उडाला. आई पदर तोंडाला लावून बघत राहिली. मग त्यांनी रक्तदाब मोजायचा पट्टा दंडाला बांधून हवा भरली आणि थांबले. थोड्या वेळानं कुंदाचा हात हळूहळू आवळू लागला. अंगठा आत, बोटं ताठ, मनगट वाकलेलं. बाबा खुर्चीवरून अर्धवट उठले. "हा तं तोच हात हाय," ते म्हणाले. "स्टेशनवरचा." डॉक्टरांनी पट्टा सोडला. कॅल्शियमचं इंजेक्शन शिरेतून हळूहळू दिलं आणि सांगितलं, हाताकडे बघा. आम्ही तिघं त्या हाताकडे बघत होतो, नवस फेडायला आल्यासारखे. बोटं सैल झाली. अंगठा बाहेर आला. तळहात उघडला. कुंदानं तो स्वतःच उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "मुंग्या गेल्या. ओठाच्यापण गेल्या."

पोलाद वितळवणाऱ्या गावात मी वाढले. भट्टीतून लाल रस ओततात तेव्हा आकाश उजळायचं, ते रोज पाहिलं आहे. पण त्या हाताच्या उघडण्याइतकं मोठं मी काही पाहिलेलं नाही.

रक्तात कॅल्शियम फारच कमी निघालं. हार्मोनची तपासणी तेव्हा तिथं होत नव्हती, नमुना मुंबईला गेला. कॅल्शियम सांभाळणारा हार्मोन कमी असेल असं कोणालाही वाटेल. तो भरमसाट होता. निरोप्या येत होता, कडी वाजवत होता, आतून कोणी उठत नाही म्हणून आणखी जोरात वाजवत होता. आईला हे समजावताना मी अडखळले. मग दाराकडे बोट दाखवलं. त्या आठवड्यात बाबांची नाईट होती आणि कडीला पट्टी गुंडाळलेली होती. आई माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हंजे पोरीच्या अंगात नाईट शिफ्टवाला झोपून हाय." इतकी वर्षं शिकवतेय, याहून चांगलं मला सांगता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता आईनं हातातली जुडी खाली ठेवली आणि स्वतःची मूठ वळून पाहिली. "माहं बोटबी असंच हाय. माह्यापासून आलं ना हे?"

या प्रश्नाची मला गाडीत बसल्यापासून भीती वाटत होती. खोटं बोलणं जमलं नाही. मी हो म्हटलं. कुकरची शिट्टी झाली, तरी आई उठली नाही. मग म्हणाली, "माह्यापासून आलं तं आलं. पण बोट आलं म्हणून तं तुले वळखू आलं ना? बिनबोटाचं आलं असतं तं काय केलं असतं आपण?" आणि जुडी उचलून पुन्हा निवडायला लागली. मी मात्र तिथून उठून मागच्या अंगणात गेले, कारण मला तिच्यासमोर रडायचं नव्हतं.

कुंदाला कॅल्शियमच्या आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू झाल्या. फिट थांबली. गावी पाठवायची गोष्ट परत निघाली नाही. सायकल पुन्हा बाहेर आली, आणि पहिल्या दिवशी ती सगळ्या सेक्टरला दाखवत अशी हिंडली की बाबा म्हणाले, "आता हिले थांबवा."

पण मला एक कोडं राहिलं होतं. तेच बोट, तोच बिघाड, मग आजोबा धडधाकट, आई धडधाकट, आणि कुंदाच का? ते पुढं हळूहळू जगाला कळत गेलं आणि मला वाचताना अंगावर काटा आला. या प्रोटीनचा नुस्खा आपल्याला दोन प्रतींत मिळतो, एक बापाकडून, एक आईकडून. बहुतेक ठिकाणी, हाडांतही, दोन्ही लागतात, म्हणून बोट तिघांचंही सारखंच. पण मूत्रपिंडाच्या ज्या पेशी कॅल्शियम राखतात, तिथं बापाकडची प्रत झोपलेली असते. आईकडची तेवढी जागी. आईला बिघडलेली प्रत आजोबांकडून, म्हणजे बापाकडून मिळाली. ती झोपलेलीच होती, काही अडलं नाही. आजोबांनाही ती त्यांच्या बापाकडूनच आली असणार. कुंदाला तीच आईकडून मिळाली, आणि दार उघडायला कोणीच उरलं नाही. मी सुटीत आले तेव्हा हे आईला सांगितलं. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "तिथंबी बाईलेच उठा लागते का, बाप्पा!" बाबा आत झोपले होते म्हणून आम्ही तोंड दाबून हसलो.

ज्यांनी हे प्रोटीन शोधलं त्यांना चौऱ्याण्णव साली नोबेल मिळालं. लॅबमध्ये पेढे वाटले. एसटीडी बूथवरून मी भिलाईच्या शेजाऱ्यांकडे फोन लावून कुंदाला बोलावलं आणि बातमी सांगितली. ती म्हणाली, "त्याहीले सांगजो, एक मूठ भिलाईतबी हाय."

मग बाबा रिटायर झाले. तुम्हाला माहीत आहे, तिथं रिटायर होणं म्हणजे काय. क्वार्टर कंपनीचं, चावी परत करायची. आईनं शेवटच्या दिवशी कडीची पट्टी सोडून घडी करून ट्रंकेत ठेवली. दुर्गला मोहन नगरात दोन खोल्या घेतल्या, कुंदा जवळच्याच शाळेत शिकवायला लागली, पहिली ते पाचवी, गणित. मी सुटीत गेले की एकदा तरी सायकलनं सेक्टर सहाला चक्कर मारायची. आमच्या अंगणातल्या पेरूच्या झाडाखाली दुसऱ्यांचे कपडे वाळत असायचे. घर म्हणून दाखवायला माझ्याकडे जागाच उरली नाही. बंगलोरची खोली भाड्याची, भिलाईचं क्वार्टर परक्याचं, मोहन नगरात माझी पेटी ठेवायलाही कोपरा नाही. तुम्ही जे कोणी निघून आलात, कुठल्याही गावाहून, त्यांना हा हिशेब माहीत आहे.

नव्वदचं दशक संपायच्या आतली ती एक सुटी. तारीख ठरवून घेतलेली नव्हती, पण तिकीट मिळालं ते एकतीस मेचं. तोच फलाट, तेच तापलेलं लोखंड. आईनं पुऱ्या आधी संपवायला सांगितल्या. बाबांनी सुरईच्या जागी प्लास्टिकची बाटली दिली आणि तीच सूचना केली. कुंदा खिडकीशी आली, गज धरला. गाडी हलली. ती सोडेना. बरोबर चालायला लागली.

बाबांचा चेहरा पडला. ते लगबगीनं पुढं आले, बोटं सोडवायला. मीही घाबरून तिच्या हाताकडे पाहिलं. अंगठा बाहेर होता. बोटं मोकळी होती. तिनं माझ्यादेखत एकेक बोट उचलून दाखवलं आणि पुन्हा गजावर घट्ट मिटवलं.

"कॅल्शियम बरोबर हाय, पमे," ती चालता चालता म्हणाली. "आता जे धरून राहिली, ते मीच धरून राहिली."

फलाट संपेपर्यंत तिनं धरलं. मग सोडलं.